छायाचित्राचा पोशाख

आमच्या विवाहास यंदा वीस वर्षे झाली. गोव्यास असलेल्या मातोश्रींना आता सुरतेचा प्रवास झेपत नाही. म्हणून डुमसच्या समुद्रकिनारी उभयतांचे एक छायाचित्र काढून त्यांस धाडावे, असे ठरले. मग प्रश्न उभा राहिला तो पोशाखाचा.

छायाचित्रकार म्हणाला, "साहेब, डुमसची वाळू काळी. गडद रंग तीत बुडून जातात." वकिलाचा काळा कोट असा पहिल्याच सुनावणीत बाद झाला! आम्ही पांढरा सुती सदरा निवडला. सौभाग्यवतींस नवी साडी घ्यावी, असे सुचविले. सुरतेत साड्यांना काय तोटा? पण त्यांनी पेटीतून मातोश्रींनी लग्नात दिलेली पैठणी काढली. मधला विरलेला भाग कापून त्यांनी तिला दंड घातला होता. "अहो, पैठणीची जर सुरतेहूनच जाते ना? मग ही माहेरीच आली म्हणायची," त्या म्हणाल्या. तरीही, सुनेस जुनेर नेसविले असे मातोश्रींना वाटेल, ही धास्ती आम्हांस होतीच.

छायाचित्र पोहोचले. मातोश्रींची दृष्टी मंदावलेली. चेहरे त्यांस नीट दिसेनात. पदर मात्र त्यांनी ओळखला. "फाटली होती ना ती?" त्यांनी फोनवर विचारले.

"दंड घातला, आई."

क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "आता आणखी वीस वर्षे चालेल."

न्यायालयात 'दंड' हा शब्द उच्चारण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. त्यात एवढी माया असते, हे त्या दिवशी कळले.