बूदी

लग्न होऊन फोपनारला आले, तेव्हा वाळत घातलेले कपडे मी सवयीनं लगेच काढून आणायची. सासूबाई हसायच्या. "अगं, इथं काय पडणार आहे?" माझ्या माहेरी, कर्नाटकात, वीजकेंद्राच्या चिमण्या दारातून दिसतात. आई ओट्यावर बोट फिरवून म्हणायची, "बूदी, मत्ते बूदी!"

गेल्या वर्षी आई खोकला घेऊन इथं आली. केळीच्या बागा पाहून खूश झाली. खोकला मात्र गेला नाही.

मग मी वाचू लागले. दिसते ती राख बरीचशी चिमणीतच अडवता येते. कोळशातलं गंधक वायू होऊन निसटतं, हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि शेकडो किलोमीटर जातात. चीननं २०१३ नंतर हे बरंच आवरलं. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये नियम झाले, मुदती वाढत गेल्या. जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक अडवणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली. पण बोलायचं कुठल्या तोंडानं? देशातली पाऊण वीज कोळशाची. आमच्या केळीची मोटारही त्यावरच चालते.

आईला म्हटलं, इथंच राहा. भावाची नोकरी त्या चिमण्यांखालीच. ती म्हणाली, "अन्न अल्लिंदानं बरतद." अन्न तिथूनच येतं ना.

बऱ्हाणपूर स्टेशनावर गाडीत चढता चढता तिनं बजावलं, "कपडे इतक्या लवकर काढू नकोस गं, ओले राहतात."