झिजलेली पायरी

पुण्याच्या माणसाला पुणे दाखवायला सांगणे म्हणजे त्याची परीक्षा घेणे. नावे सारी तोंडपाठ. पण शनिवारवाड्याच्या आत आपण शेवटचे केव्हा गेलो, ते आठवत नाही. मी तर शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. माझ्या एका कादंबरीतली दोन प्रकरणे शनिवारवाड्यात घडतात. ती लिहिताना मी कोथरूडच्या घरातल्या खाटेवरून उठलोसुद्धा नव्हतो!

गेल्या दिवाळीत थोरल्या भावाची मुलगी जर्मनीहून आली. दादा हायडेलबर्गला असतो. मुलगी तिथेच वाढली, पण मराठी बोलते ती थेट माझ्या आईच्या वळणाची. वसुबारसेच्या सकाळी म्हणाली, "काका, मला जुनं पुणं दाखवाल ना?"

दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर का, ते मी मास्तरी थाटात सांगितले. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत १७३२. दोन वर्षांत वाडा उभा! मग आम्ही आत गेलो आणि माझी वाणी आटली. आत आहे काय? हिरवळ, कारंज्यांचे हौद आणि जोती. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वरचा लाकडी डोलारा जळून गेला. पाहुण्याला जेवायला बोलवावे आणि पानात नुसते मीठ-लिंबू वाढावे, तसे मला ओशाळवाणे झाले.

तिला मात्र काही उणे वाटले नाही. म्हणाली, आमच्या गावचा किल्लाही असाच. टेकडीवर, तांबड्या दगडाचा, खाली नेकार नदी. फ्रेंचांनी तो १६८९ आणि १६९३ साली उद्ध्वस्त केला, पुढे १७६४ साली वीज पडून जळला. लोक लांबून येतात ते तो पडका किल्ला पाहायला. शाळेच्या सहलीत बाईंनी मुलांना रिकाम्या खिडक्यांमागे काय असेल ते ओळखायला लावले होते. तोच खेळ तिने इथे मांडला. "काका, ही पायरी झिजलीय. म्हणजे इथून माणसं फार जायची." जोत्यावरून जोत्यावर उड्या मारीत तिने पाऊण तासात माझ्या दोन प्रकरणांतल्या तीन चुका काढल्या, त्याही तिच्या नकळत. माझ्या नायकाला मी जिथून दौडत नेले, तिथे चक्क भिंतीचा पाया आहे.

नारायणरावांची हकिकत मीच काढली. ३० ऑगस्ट १७७३. 'ध'चा 'मा' झाल्याची ती कथा पंडितांना पटो न पटो, वर्गात सांगितली की पोरे श्वास रोखतात.

"पळताना काय म्हणाले ते?"

"काका, मला वाचवा."

"मग काकांनी?"

"नाही वाचवलं," मी म्हणालो, आणि चपला शोधल्यासारखे खाली पाहिले. चपला पायांतच होत्या.

बाहेर लाल महाल दाखवला. हा मूळचा नव्हे, १९८८ साली पुरा झालेला, हेही सांगितले. कसबा गणपतीपुढे हात जोडले. तिथून परत फिरायचा माझा बेत होता.

ती म्हणाली, "आता आपला वाडा."

आमचा वाडा कसब्यातच होता. एक चौक, विहीर, पारिजातक. आई गेल्यावर दादाने कळवले होते, 'दिवाळीला येतो, मग ठरवू.' मी श्रावणातच सौदा करून मोकळा झालो. छप्पर गळत होते, बांधणारा घाई करीत होता. कारणे माझ्याजवळ पुष्कळ होती, अजूनही आहेत. दादाने संमतीचा कागद टपालाने पाठवला. सोबत चिठ्ठी नव्हती. त्या दिवाळीला तो आला नाही, पुढच्याही नाही.

आता तिथे पाच मजली इमारत आहे. खाली मोटारी, दाराला झेंडूचे तोरण. ती वाकून भिंतींच्या बुडाशी काहीतरी शोधू लागली.

"बाबा सांगतात, दाराशी एक पायरी मधोमध झिजलेली होती. आजी तिच्यावर बसून तांदूळ निवडायची."

"होती."

"ती कुठे ठेवलीय?"

डबराच्या ट्रकमधून गेली होती ती. ट्रक मी स्वतः उभा राहून भरून घेतला होता. "नाही ठेवली," एवढेच मी म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने पिशवीतून फोन काढला. "बाबा उठले असतील आता. पायरी जिथे होती तिथे उभे राहा ना, काका. त्यांना दाखवते."

मी गल्लीच्या कडेपासून पावले मोजली. नऊ झाली. मग जरासा उजवीकडे सरकून उभा राहिलो.