तेंदूपानांच्या मुलखात

मे महिन्यात ताईकडे गडचिरोलीला जायचं ठरवलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, भाजून निघशील! आमरस खायचे दिवस सोडून त्या जंगलात कशाला?" पण ताईचा फोनवर एकच धोशा होता, "तेंदूचा हंगाम बघायचा असेल तर आत्ताच ये. एकदा पाऊस लागला की संपलं."

मला जावंसं वाटण्याला आणखी एक कारण होतं. जरा हसण्यासारखंच आहे, पण सांगते. परदेशातल्या भाच्याने ह्यांना चिरुटांची एक पेटी आणून दिली होती. ह्यांना ओढायचं व्यसन नाही; पण पेटीचं कौतुक फार. पाहुण्यांना दाखवून झाल्यावर ती कपाटात गेली. एप्रिलमध्ये उघडून बघतो तो काय, वरची पानं तडकलेली आणि बोट लावताच भुगा! नागपूरच्या उन्हाने आपलं काम केलं होतं. भाच्याने फोनवर मामाची चांगली शाळा घेतली. पेटीतल्या हवेत दमटपणा शेकडा ६५ ते ७० च्या दरम्यान हवा, साठच्या खाली गेला की पान कोरडं पडून फुटतं, पंचाहत्तरच्या वर गेला की बुरशी धरते. तो मोजायला पेटीत छोटं घड्याळासारखं यंत्रही ठेवतात म्हणे. पेटीचं लाकूडही निवडक. नाव त्याचं 'स्पॅनिश सिडार', पण ते झाड देवदाराच्या नव्हे, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. त्याच्या वासाने कीड लांब राहते. मी म्हटलं, "गव्हात निंबाचा पाला आम्हीही घालतो, पण पापड-कुरडयांचे एवढे लाड कधी केले नाहीत हो!"

तर अशी मी निघाले. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि मग वैनगंगा ओलांडून आरमोरी. मे महिन्यातली वैनगंगा म्हणजे नुसती वाळू, आणि कडेने पाण्याची एक बारीकशी रेघ. गडचिरोली हा पूर्वी चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग; १९८२ च्या ऑगस्टमध्ये वेगळा झाला. जंगल मात्र दोघांचं एकच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळकी पानं पडलेली, आणि त्यात मध्येच कोवळ्या तांबूस-हिरव्या पानांची कमरेएवढी झुडपं. "हाच तेंदू," भाऊजी म्हणाले. आपण ज्याला टेंभुर्णी म्हणतो तीच ही. हंगामाच्या आधी झुडपं छाटतात, म्हणजे नवी पानं मऊ आणि मोठी येतात. विडी वळली जाते ती ह्याच पानात. म्हणजे आमच्या चिरुटाची ही गरीब बहीणच म्हणायची!

धानोऱ्याच्या बाजूच्या एका गावात ताईच्या ओळखीचं घर होतं. तिथली आजी, सगळे तिला नुसतंच 'माय' म्हणतात. घरात गोंडी, आमच्याशी मराठी. पहाटे चारला तिच्या सुना-नाती जंगलात गेल्या होत्या, त्या दहाच्या सुमारास गाठोडी घेऊन परतल्या. मग सावलीत बसून सगळं घर पुडे बांधायला लागलं. आपल्या राज्यात एका पुड्यात ७० पानं. सारखी जुळवायची, फाटकं-डागाळलेलं बाजूला टाकायचं, आणि सालीच्या दोरीने बांधायचं. असे हजार पुडे झाले की एक गोणी भरते, म्हणजे सत्तर हजार पानं! मी हौसेने बसले खरी, पण माझा एक पुडा होईपर्यंत आठ वर्षांच्या नातीचे चार झाले होते.

संध्याकाळी ते पुडे गावाबाहेरच्या फळीवर नेतात. फळी म्हणजे साफ केलेलं उघडं मैदान. मुन्शी पुडे मोजून घेतो आणि ते ओळींनी उन्हात मांडले जातात, शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहावीत तसे. काही दिवसांनी उलटायचे, पुन्हा वाळवायचे. पान अगदी खडखडीत झालं पाहिजे.

आणि आता खरी गंमत. वाळलेलं पान तसंच गोणीत भरलं तर वाटेतच त्याचा चुरा होईल. म्हणून भरण्याआधी त्यावर पाणी शिंपडतात! ऊन उतरलं की शिंपडायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि पहाटे पान लवचीक झालं की दाबून भरायचं. इथल्या लोकांच्या भाषेत गोणीला 'बोद' म्हणतात. मी मायला विचारलं, "पाणी किती शिंपडायचं, हे कसं कळतं?"

मायने एक पान तळहातावर घेऊन मूठ मिटली आणि उघडली. पान पुन्हा उलगडलं. "हाताले समजते जी," ती म्हणाली. "कमी झालं तं मोडते, जास्त झालं तं सडते."

मला एकदम भाच्याचं ते पासष्ट आणि सत्तर आठवलं. तेच शास्त्र, फक्त यंत्राच्या जागी मायची मूठ!

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेला ढग आले. तोवर रेंगाळत चाललेलं गाव क्षणात उठलं. बायका, पोरं, म्हातारी माणसं सगळी फळीकडे धावली. मीही पदर खोचून धावले. वाळत आलेले पुडे गोळा करायचे, ढीग करायचा, वर ताडपत्री ओढायची. निम्मे झाले असतील-नसतील, तोच टपोरे थेंब सुरू झाले. अर्ध्या तासात पाऊस थांबलाही, पण उघड्यावर राहिलेल्या ओळी भिजल्याच. भिजलेलं पान काळं पडतं, त्यावर डाग येतात, भाव उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माय एकेक पुडा उलटून बघत होती. रडणं-ओरडणं काही नाही. "हे वाळतीन," "हे गेले," एवढंच. ह्या दोन-तीन आठवड्यांच्या पैशात नातींच्या वह्या-पुस्तकं, धानाचं बियाणं आणि घरावरची कौलं बसवायची असतात.

पूर्वी हा सगळा व्यवहार वनखात्याकडे आणि ठेकेदारांकडे असे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ह्या भागातल्या पुष्कळ ग्रामसभा आपल्या जंगलातल्या पानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. मायच्या गावाचीही ग्रामसभा आहे, आणि हिशेबाच्या दिवशी बायका पुढे बसतात, हे ताईने अभिमानाने सांगितलं.

पण जंगलात जाणं म्हणजे जिवाशी गाठ. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पान तोडताना वाकावं लागतं, लक्ष खाली असतं. मायच्या सुना म्हणूनच घोळक्याने जातात आणि सारख्या एकमेकींना हाका मारत राहतात.

पुढे सोलापूर-सिन्नरसारख्या गावी विड्या वळणाऱ्याही बहुतेक बायकाच. त्या हे पान पुन्हा भिजवतात, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करतात, आणि वळलेली विडी शेवटी शेकून कोरडी करतात. पान किती वेळा वाळवायचं आणि किती वेळा भिजवायचं! आणि एवढं करून ती विडी माणसाची छातीच पोखरते. मायला हे ठाऊक नाही असं नाही. "आमच्या घरी कोनी पीत नाही," ती म्हणाली, "पन पैसा दुसरीकडून येत नाही."

घरी आल्यावर मी आमचा पावसाळ्याचा हिशेब मायच्या पद्धतीने मांडला. शुद्ध मिठाला पाणी सुटतं ते हवेतला दमटपणा शेकडा ७५ च्या वर गेल्यावर. खडेमीठ त्याच्याही आधी पाझरतं. म्हणजे मिठाची बरणी हेच आपलं यंत्र! मीठ ओलं दिसू लागलं की समजावं, पापड, मसाले, चामड्याच्या चपला, लग्नातले शालू ह्या सगळ्यांना बुरशीचा धोका आहे. त्या दिवशी डबे उघडे ठेवू नयेत. आणखी एक, उन्हातून आणलेले पापड गरम असताना कधी डब्यात भरू नयेत. आतल्या आत घाम सुटतो. पूर्ण निवू द्यावेत, मग झाकण घट्ट लावावं.

ह्यांच्या चिरुटांचं म्हणाल, तर त्यांतले बरे होते ते कुणाला तरी देऊन टाकू म्हणता म्हणता तसेच राहिले आहेत. पेटीत मात्र मी मायने दिलेला तेंदूचा एक पुडा ठेवला आहे. पाहुणे आले की हे आता आधी तोच दाखवतात, आणि सत्तर पानं मोजून घ्यायला लावतात.