६४ चा हट्ट

लिनक्सवर रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला मी अनेक वर्षं एकच सांगत आलो: बफर ६४ सॅम्पलवर टिकत नसेल तर लॅपटॉप बदला. एका विद्यार्थ्याने माझ्या शब्दाखातर तो खरंच बदलला. नव्यावरही आवाजातली टकटक तशीच. तरी मला शंका आली नाही.

शंका आली ती आईच्या यमनामुळे. विलंबित ख्याल, हेडफोनमध्ये लॅपटॉपवरचा तानपुरा, आणि दर थोड्या वेळाने एक ‘टक्’. याला एक्सरन म्हणतात. बफर वेळेत भरला नाही की आवाज तेवढ्यापुरता तुटतो. मी रिअल-टाइम कर्नल टाकून पाहिला, ऑडिओ ग्रुपला वरची प्रायॉरिटी दिली, आणि प्रत्येक वेळी आईला तोच मुखडा पुन्हा गायला लावला. चौथ्यांदा तिचा निषाद दमलेला होता. ते मला अजून लागतं.

त्या रात्री पहिल्यांदा मी अंदाज बांधणं सोडून मोजायला बसलो. लिनक्सवर आवाजाची ने-आण सांभाळणाऱ्या पाइपवायरच्या पीडब्ल्यू-टॉपमध्ये चुकांचा रकाना असतो. तो समोर ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. वाय-फाय बंद केलं, आकडा थांबला. चालू केलं, पुन्हा चढू लागला. प्रोसेसरवरचा भार दहा टक्केही नव्हता! पण इथे सरासरी भार कामाचा नाही. ४८,००० च्या सॅम्पल रेटला ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. तेवढ्यात एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला, किंवा बॅटरी वाचवायला झोपलेला प्रोसेसर उशिरा जागा झाला, की मशीन कितीही वेगवान असो, आवाज तुटणारच.

मग मुळातच प्रश्न पडला: ६४ हवेतच कशाला? आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. बैठकीत दीड मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकापर्यंत चार मिलिसेकंदांनी पोचतो आणि सम बिनचूक पडते. शिवाय आईला स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून येत नव्हताच; तो ऑडिओ इंटरफेसमधूनच थेट तिच्या कानात जात होता. तानपुऱ्याला २१ मिलिसेकंद उशीर झाला तरी बिघडतं काय? मी बफर १०२४ केला. सॉफ्टवेअर हार्मोनियम वाजवायचा असेल तर मात्र मी आजही १२८ वर येतो, कारण तिथे पट्टी दाबल्यावर ऐकू येणारा सूर लॅपटॉपमधूनच निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा गायली. अठरा मिनिटं, एकदाच, एकही टक् नाही.

दुपारी त्या विद्यार्थ्याला फोन केला, माझा सल्ला चुकला होता म्हणून सांगितलं आणि आधी वाय-फाय बंद करून बघायला लावलं. जुना लॅपटॉप त्याने केव्हाच निम्म्या किमतीत विकून टाकला होता.