कारखाना येण्याआधीची जमीन

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या एका काउंटीच्या नियोजन खात्यात मी काम करते. काउंटी म्हणजे आकाराने साधारण आपला एखादा तालुका, पण कोणती जमीन शेतीची, कोणती वस्तीची आणि कोणती कारखान्यांची, हे तिथले निवडून आलेले मंडळ मतदानाने ठरवते. कुणी झोन बदलून मागितला की अर्ज आमच्याकडे येतो. आम्ही जागा पाहतो, कागद तपासतो, अहवाल लिहितो. मग नियोजन आयोगापुढे जाहीर सुनावणी होते आणि त्यानंतर मंडळापुढे. शिफारस आमची, निर्णय त्यांचा.

या अर्जांत सर्वांत अवघड असतो तो काउंटीने स्वतःच केलेला अर्ज. काही शेकडो एकर शेतजमीन काउंटीच्या औद्योगिक प्राधिकरणाने घेऊन ठेवलेली असते आणि ती औद्योगिक झोनमध्ये टाका, अशी मागणी येते. कंपनीचे नाव नसते, कारण कंपनी अजून ठरलेलीच नसते. जागा तयार नसेल तर कंपन्या शेजारच्या राज्यात जातात, असे आर्थिक विकास खात्याचे म्हणणे असते, आणि ते खोटे नाही. राज्याच्या दक्षिण टोकाला डॅनव्हिल शहर तंबाखूच्या बाजारावर आणि डॅन रिव्हर कंपनीच्या कापडगिरण्यांवर उभे होते. कंपनीने 2004 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, 2008 मध्ये पुन्हा, आणि मग सगळे संपले. मुंबईचे गिरणगाव पाहिलेल्याला पुढचे सांगायला नको. त्या शहराने आणि शेजारच्या पिट्सिल्व्हेनिया काउंटीने मिळून बेरी हिल इथे सुमारे 3,500 एकर जागा उद्योगांसाठी राखली. जमीन घेतली 2008 च्या सुमारास. पहिल्या मोठ्या कारखान्याची घोषणा व्हायला 2024 साल उजाडले. रोजगार गेलेल्या गावाने इतकी वर्षे धीर धरला याचा मला आदर वाटतो. पण एवढ्या काळात मंडळातली माणसे बदलतात, अधिकारी निवृत्त होतात, शेजारची शेते विकली जातात. झोन मात्र जमिनीला चिकटून राहतो.

म्हणून सुनावणीत पडद्यावर जे चित्र दाखवतात त्याकडे मी फारसे पाहत नाही. हिरवळ, काचेची इमारत, दारात दोन गाड्या. मंडळ त्या चित्रावर मत देत नसते. ते मत देते झोनिंग अध्यादेशातल्या वापरांच्या यादीवर. त्या यादीत जुळणीचा कारखाना असतो, तशी गोदामे असतात, काँक्रीटचा प्लांट असतो, कुठे भंगार साठवण्याचे आवार असते, कुठे डेटा सेंटर. एकदा झोन मिळाला की यादीतला कोणताही हक्काचा वापर घेऊन उद्याचा मालक येऊ शकतो. त्याचा आराखडा नियमांत बसला की आम्हाला तो मंजूर करावाच लागतो; शेजाऱ्यांना नको आहे हे कारण तेव्हा चालत नाही. नाही म्हणण्याची वेळ झोन बदलतानाच असते.

चित्रात एक आणि जमिनीवर दुसरेच, हे विस्कॉन्सिनमधल्या रसीन काउंटीत साऱ्या देशाने पाहिले. माउंट प्लेझंट या गावी फॉक्सकॉन कंपनी 10 अब्ज डॉलर घालणार, 13,000 नोकऱ्या देणार, असे 2017 मध्ये जाहीर झाले. जमिनी घेतल्या गेल्या, राहती घरे गेली, रस्ते रुंद झाले, पाण्याच्या वाहिन्या पडल्या. 2021 मध्ये राज्याशी नवा करार झाला, त्यात नोकऱ्यांचा आकडा 1,454 वर आला. 2023 पासून तिथली मोठी जमीन मायक्रोसॉफ्टने घेतली आणि डेटा सेंटर उभारायला सुरुवात केली. ज्या कारखान्याच्या नावाने लोक घरे सोडून गेले तो त्या रूपात आलाच नाही.

त्यामुळे कंपनीचे नाव नसलेला अर्ज तपासताना यादीतला सर्वांत जड वापर तिथे येणार असे धरून मी हिशेब मांडते. सकाळच्या वेळी किती ट्रक वळतील, दोन पदरी गावरस्त्याच्या साइडपट्ट्या त्या वजनाला टिकतील का, सांडपाणी प्रकल्पात किती क्षमता शिल्लक आहे. आजूबाजूची घरे बहुधा स्वतःच्या विहिरीचे पाणी पितात. शेताच्या जागी डांबर आणि छपरे आली की पाऊस मुरायचा तो वाहून जातो, हे त्या घरांच्या दृष्टीने पाहावे लागते. आणि आवाज. दिवसाचा आवाज लोक सहन करतात. रात्री दोन वाजता मागे येणाऱ्या ट्रकचा भोंगा, किंवा डेटा सेंटरच्या पंख्यांची कधीच न थांबणारी घरघर, यावर झाडांची रांग हा उपाय नाही. झाडे दृश्य लपवतात, आवाज फारसा अडवत नाहीत. अंतर हवे.

व्हर्जिनियात मालक झोन बदलताना स्वखुशीने लेखी अटी देऊ शकतो. मंडळाने त्या स्वीकारल्या की पुढच्या प्रत्येक मालकावर त्या बंधनकारक होतात. काउंटीच मालक असेल तेव्हा अटी लिहिणारी तीच आणि स्वीकारणारीही तीच. माझा आग्रह एवढाच असतो की जमीन आपल्या हातात आहे तोवरच त्या लिहा. भंगाराचे आवार नको असेल तर यादीतून आत्ताच काढा. ओढ्यापासूनचे अंतर, इमारतीची उंची, ट्रकनी कोणत्या रस्त्याने यायचे, हे विकण्याआधी ठरवा. अटी पाहून कंपन्या पळतील, असे सहकारी म्हणतात. मला उलट वाटते: चांगल्या कंपनीला शेजारी भंगार नको असते, आणि अटी आधी माहीत असल्या तर तिला जागेची किंमतही नीट ठरवता येते.

अटींइतकेच महत्त्वाचे असते सुनावणीची नोटीस देण्याचे काम, पण ते लोक किरकोळ समजतात. व्हर्जिनियातल्याच प्रिन्स विल्यम काउंटीत मनॅससच्या युद्धभूमीलगत 2,000 एकरांहून मोठ्या डेटा सेंटर प्रकल्पाचा झोन बदल डिसेंबर 2023 मध्ये, रात्र ओलांडून चाललेल्या सुनावणीनंतर, 4 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झाला. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण वर्तमानपत्रातली जाहीर सूचना कायद्याप्रमाणे दिलेली नव्हती.

पण कायद्याप्रमाणे दिलेली सूचनाही सर्वांपर्यंत पोहोचत नाही. लगतच्या जमिनीच्या मालकाला, कराच्या नोंदीतल्या पत्त्यावर पत्र गेले की नियम पाळला जातो. तो मालक दुसऱ्या राज्यात राहत असेल आणि त्याच्या जागेवर मोबाइल होम्सची वस्ती असेल, तर भाडे भरून तिथे राहणाऱ्या कुटुंबांना काहीच कळत नाही. ट्रकचा धूर आणि रात्रीचा आवाज त्यांच्याच खिडकीत येणार असतो. अशा वस्तीत दारोदार सूचना वाटावी, इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही, आणि एक बैठक संध्याकाळी कामावरून परतल्यावर वस्तीजवळच्या शाळेत घ्यावी, अशी शिफारस मी अहवालात लिहिते, आणि काउंटी स्वतः अर्जदार असते तेव्हा तर ती पहिल्याच पानावर.