पाण्याने पाठ फिरवलेले नगर

बेल्जियम देशाच्या वायव्येस, समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे १५ किलोमीटर आत, ब्रूज नावाचे एक नगर आहे. पहाटेच्या धुक्यात त्याचे रूप मोठे मोहक दिसते. विटांची उंच घरे कालव्याच्या काठाशी दाटीने उभी असतात. त्यांची प्रतिबिंबे पाण्यात थरथरतात. पुलाच्या कमानीखालून राजहंसांची जोडी संथपणे निघून जाते. इतक्यात चौकातील ८३ मीटर उंच मनोऱ्यावरच्या घंटा निनादू लागतात आणि पांथस्थाला क्षणभर वाटते, की आपण पाच-सहा शतके मागे येऊन पोहोचलो!

परंतु त्या काळी हे नगर असे शांत नव्हते. ११३४ साली समुद्रात प्रचंड वादळ झाले आणि लाटांनी किनारा फोडून ब्रूजच्या दिशेने एक खाडी कोरली. तिचे नाव झ्विन. या खाडीने नगराचे भाग्य उघडले. १२७७ साली जिनोवाच्या व्यापाऱ्यांची जहाजे येथे आली. मागोमाग व्हेनिसचीही आली. इंग्लंडची लोकर, फ्रान्सचे मद्य आणि आपल्या मलबारातून अनेक हात बदलत गेलेली मिरी, साऱ्यांचा सौदा येथे होई. व्हान डेर ब्यूर्से नावाच्या कुटुंबाच्या पांथशाळेसमोर व्यापारी जमत. युरोपातील अनेक भाषांत शेअरबाजाराला ‘बूर्स’ म्हणतात, ते याच कुटुंबाच्या नावावरून, असे मानले जाते. यान व्हान आइक हा थोर चित्रकारही येथेच राहिला आणि १४४१ साली येथेच निवर्तला.

समुद्राने दिलेले दान समुद्रानेच परत नेले. खाडीत गाळ साचू लागला. माणसांनी तो उपसला, कालवे खणले; पण वाळूपुढे त्यांचे काही चालले नाही. त्यातच १४८८ साली नगरवासीयांनी आपला अधिपती माक्सिमिलियन यालाच काही महिने कोंडून ठेवले. मग त्याने परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पची वाट दाखवली. जहाजे थांबली, पेढ्या उठल्या, वखारी ओस पडल्या. एकोणिसाव्या शतकात तर ब्रूज हे देशातील अत्यंत गरीब नगरांपैकी एक झाले. घरोघरच्या बायका आणि मुली अंधूक उजेडात लाकडी रिळांवर लेस विणीत आणि त्या तुटपुंज्या मजुरीवर चूल पेटे.

नवल असे, की हीच गरिबी नगराची राखणदार ठरली! इतर शहरांत कारखाने उभे राहिले, जुने वाडे पाडून रुंद रस्ते झाले. ब्रूजपाशी जुने पाडून नवे बांधायला पैसाच नव्हता. पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात अवघ्या चाळीस-पन्नास किलोमीटरांवरील ईप्र हे तितकेच प्राचीन नगर तोफांच्या माऱ्याखाली धुळीला मिळाले. ब्रूजही तेव्हा शत्रूच्या ताब्यात होते. परंतु त्याची घरे बहुतांशी वाचली.

मात्र केवळ दैवाच्या कृपेने कोणतेही नगर शतकानुशतके टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातच लोकांना जुन्या वास्तूंचे मोल कळू लागले होते. त्यांनी पडक्या भिंती सावरल्या. कित्येक घरांना जुन्या वळणाची नवी दर्शनी भिंत दिली. म्हणून आज प्राचीन भासणारे सारेच तेथे प्राचीन नाही. १९७२ साली नगराच्या जतनाची एक मोठी योजना आखली गेली. दुर्गंधी सुटलेले कालवे स्वच्छ झाले, जीर्ण घरे दुरुस्त होऊन त्यांत माणसे राहू लागली. २००० साली युनेस्कोने नगराच्या जुन्या भागाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता दरवर्षी लाखो प्रवासी येथे येतात. दुकानाच्या काचेआड मांडलेली पांढरीशुभ्र लेस पाहून ते हरखून जातात. तिच्या नाजूक जाळीत फुले आहेत, पाने आहेत. आणि ज्यांना निजण्यापूर्वी आणखी एक वीत विणणे भाग होते, त्या हातांचे कष्टही आहेत. जुन्या नगराचे सौंदर्य पाहताना ते हात ज्याला आठवतात, त्यानेच ते नगर खऱ्या अर्थाने पाहिले.