नेम आणि संयम

मृगयेस आमच्या शास्त्रकारांनी व्यसनांत घातले आहे. मनूने गणिलेल्या दहा कामज व्यसनांत पहिले नाव तिचेच. उलट शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती तिची स्तुती गातो. हा जुना वाद यंदा आमच्या एकत्र कुटुंबात शिरला, तो अमेरिकेतून.

आमचा पुतण्या कोलोरॅडो राज्यात नोकरीस असतो. तो प्रथमच एल्कच्या शिकारीस जाणार आहे. एल्क हा सांबराच्या कुळातला; पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो. वार्ता ऐकून वहिनींनी डोळ्यांस पदर लाविला. आमच्या बुलढाणे जिल्ह्यात नीलगाईंनी हरभरा फस्त केला तरी शेतकरी रात्रभर जागून आरोळ्या देतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यास मनास येईल तेव्हा बंदूक उचलता येत नाही. तिकडे रीतसर परवाना मिळतो; मात्र 1949 पासून पुढे जन्मलेल्यास त्याआधी शिकारीचे शिक्षण घ्यावे लागते.

रागावण्यापूर्वी तयारी विचारावी, ही आमची मास्तरकीची सवय. त्याने सविस्तर लिहिले. दुर्बीण रायफलीच्या नळीहून वर बसते. त्यामुळे दृष्टीची रेषा व गोळीचा मार्ग भिन्न असतात, ते जुळवावे लागतात. प्रथम दुर्बिणीचे स्क्रू घट्ट करावयाचे. मग शंभर यार्डांवर कागद लावून, टेकू घेऊन, तीन-तीन गोळ्या झाडावयाच्या व त्यांचा मध्य पाहून दुर्बिणीचे चक्र फिरवावयाचे. बहुधा चक्राच्या एका टिचकीने तेथे नेम पाव इंच सरकतो. गोळी शंभरावर दीड-दोन इंच वर लागू दिली, की दोनशेच्या सुमारास मध्यावर येते. रानात न्यावयाची तीच गोळी येथेही वापरावी, कारण गोळी बदलली की नेम बदलतो. पुढे टेकू सोडून, बसून व गुडघ्यावर अभ्यास. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी ताटलीएवढ्या वर्तुळात पडत नाही, तेथून झाडावयाचे नाही. कारण जखमी जनावर दूर पळून तडफडत मरते.

हे शेवटचे वाक्य आम्ही वहिनींस दोनदा वाचून दाखविले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि व्हावे असा आमचा आग्रहही नाही. पण ज्यास जनावराच्या वेदनेची एवढी चिंता आहे, तो निर्दय नव्हे, इतके त्यांनी मानले.

उत्तरी आम्ही लिहिले: शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तपस्व्यांच्या एका शब्दासरशी दुष्यंत धनुष्यास जोडलेला बाण उतरवितो. तेथे तुजजवळ तपस्वी असणार नाही. वारा फिरला, अंतराचा अदमास लागला नाही, श्वास स्थिरावला नाही, तर तो शब्द तूच स्वतःस उच्चार आणि रिकाम्या हाताने परत ये. घरी कोणी हसणार नाही.